‘ऑनेस्ट’ इयागो, ‘ऑनेस्ट’ डेस्डिमोना

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मध्ये ‘ऑनेस्ट’ आणि ‘ऑनेस्टी’ हे शब्द मिळून ५२ वेळा येतात. ही मोजदाद विल्यम एम्पसनची. १९५१ साली निघालेल्या ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स’ या पुस्तकात त्यानं या एका शब्दाला अख्खं प्रकरण दिलं. शब्द मोजत बसणं हा रसिकाचा नव्हे, कारकुनाचा उद्योग वाटेल. पण एम्पसन स्वतः कवी होता, आणि हा आकडा एकदा कानावर पडला की हे नाटक पूर्वीसारखं वाचता येत नाही. तोवर ती एका रुमालाची गोष्ट असते. नंतर ती एका विशेषणाची होते.

रुमालाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. व्हेनिसच्या चाकरीतला मूर सेनापती ऑथेल्लो, त्याच्याशी बापाच्या मर्जीविरुद्ध लग्न करणारी डेस्डिमोना, बढती हुकलेला निशाणबरदार इयागो, ती बढती मिळालेला कॅसिओ. इयागो ऑथेल्लोच्या मनात बायकोविषयी संशय भरतो, रुमाल पुरावा ठरतो, ऑथेल्लो तिला मारतो. हे कथानक शेक्सपिअरनं जिराल्दी चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ सालच्या कथासंग्रहातून उचललं. त्या कथेत निशाणबरदाराला नावच नाही, आणि त्याचा राग अगदी साधा आहे: बाई त्याच्या हाती लागत नाही. शेक्सपिअरनं हे कारण जवळजवळ काढून टाकलं, माणसाला नाव दिलं, आणि त्या नावाला एक विशेषण चिकटवलं.

विशेषण मोठं जुनं आहे. लॅटिनमधल्या ‘होनोस’पासून, म्हणजे मानापासून, ‘होनेस्तुस’ आला आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत उतरला. ‘ऑनर’ हा त्याचा सख्खा भाऊ, दोघांचाही पहिला एच मुका. मुळात ‘ऑनेस्ट’ म्हणजे मान असलेला, अब्रूदार. खरं बोलण्याशी त्याचा संबंध पुढे जुळत गेला. शेक्सपिअरच्या काळात, म्हणजे हे नाटक व्हाइटहॉलच्या राजवाड्यात १ नोव्हेंबर १६०४ रोजी झालं त्या सुमारास, या एका शब्दात बरीच गर्दी होती. पुरुषाबद्दल बोलताना तो खरं बोलणारा, व्यवहाराला चोख, मित्राला न विकणारा असा अर्थ देई. दिलखुलास, तोंडावर बोलणारा, आडपडदा नसलेला अशीही एक छटा होती आणि ती शिपाईगड्यांना शोभून दिसे. बाईबद्दल बोलताना मात्र हे सगळं गळून पडे आणि एकच अर्थ उरे: पतीशी किंवा आपल्या शीलाशी एकनिष्ठ. हॅम्लेट ऑफिलियाला ती ‘ऑनेस्ट’ आहे का असं विचारतो, तेव्हा ती खरं बोलते का हा त्याचा प्रश्न नसतो. (असतो, असंही म्हणता येईल, तिचा बाप पडद्याआड उभा आहे. शेक्सपिअर एका अर्थावर क्वचितच थांबतो.) आजच्या इंग्रजीतून हा बायकी अर्थ गेलाच आहे. एखाद्या बाईशी लग्न करून तिला ‘ऑनेस्ट’ बनवण्याचा थट्टेचा वाक्प्रचार तेवढा उरलाय.

याशिवाय चौथी एक छटा आहे आणि या नाटकाच्या दृष्टीनं तीच विषारी आहे. वरच्यानं खालच्याला पाठीवर थाप मारत म्हणायचा ‘ऑनेस्ट’. मालक जुन्या गड्याविषयी ‘इमानी आहे हो बिचारा’ म्हणतो तेव्हाचा सूर. त्यात कौतुक असतं, आणि तू तिथेच राहा हेही असतं.

नाटकात हा शब्द पहिल्यांदा कोण उच्चारतो? इयागोच. पहिल्याच प्रवेशात तो डेस्डिमोनासाठी झुरणाऱ्या रॉडरिगोला सांगतो की, काही नोकर मालकाच्या पायाशी झिजतात, चाऱ्यावर खूश राहतात, आणि म्हातारे झाले की हाकलले जातात. अशा ‘ऑनेस्ट’ चाकरांना चाबकानं फोडलं पाहिजे. म्हणजे जे विशेषण पुढे त्याच्या कपाळी कायमचं बसणार आहे, त्याचा अर्थ तो आधीच ठरवून मोकळा झालाय: ऑनेस्ट म्हणजे गाढव. यानंतर जो जो त्याला प्रेमानं ‘ऑनेस्ट’ म्हणेल, तो तो त्याच्या कानात नेमकं काय ओतत असेल याचा विचार केला तर अंगावर काटा येतो.

आणि म्हणतात तर सगळेच. दुसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशाची सुरुवात बघा. रात्रीच्या पहाऱ्याची व्यवस्था चालली आहे. ऑथेल्लो कॅसिओला ‘मायकेल’ अशी पाळण्यातल्या नावानं हाक मारतो. कॅसिओ म्हणतो, इयागोला सूचना दिल्यात, पण मी जातीनं लक्ष देईन. त्यावर ऑथेल्लोचं उत्तर इतकंच की इयागो अगदी ऑनेस्ट आहे. एकाला जवळिकीचं नाव, दुसऱ्याला प्रमाणपत्र. थोड्या वेळानं दारू चढलेला कॅसिओ हेच उघड्यावर बोलून टाकतो: स्वर्गात जातानासुद्धा लेफ्टनंटचा नंबर निशाणबरदाराच्या आधी. विनोदच तो. पण इयागो तिथेच उभा आहे. कॅसिओ वाईट माणूस नाही, उलट फार गोड आहे. तोच त्याच रात्री नोकरी गेल्यावर इयागोचा सल्ला ऐकून ‘ऑनेस्ट इयागो’ असा निरोप घेतो. तो जाताच इयागो स्वगतात त्याला तेच विशेषण परत करतो, पुढे ‘मूर्ख’ जोडून.

इयागोच्या दुष्टपणाला कारण सापडत नाही, अशी तक्रार कोलरिजपासून चालत आली आहे. मला ती पूर्ण पटत नाही. कारणं तो स्वतः ढीगभर सांगतो आणि त्यातली निम्मी खोटी वाटतात हे खरं. पण ज्या माणसाला दिवसातून दहादा ‘भला आहे, साधा आहे’ असं ऐकावं लागतं आणि पगाराची पायरी मात्र तीच राहते, त्याच्या पोटात काय साचत असेल हे कळायला मोठं मानसशास्त्र लागत नाही. कुठल्याही कचेरीत विचारा.

टॉमस रायमर नावाच्या टीकाकारानं १६९३ साली या नाटकावर कोरडे ओढले. रुमालावरून त्यानं केलेली टिंगल प्रसिद्ध आहे. त्याचा आणखी एक आक्षेप असा की, शिपाईगडी म्हणजे मोकळा, सरळ, बोलेल ते खरं. मग इयागोसारखा आतल्या गाठीचा शिपाई दाखवणं हेच चूक. रायमर चिडला होता, पण बोट त्यानं बरोबर जागी ठेवलं होतं. रंगभूमीवरचे सगळे लोक रायमरसारखाच विचार करतात. शिपाई आहे, बोलायला रांगडा आहे, म्हणजे मन साफ असणार. इयागोला वेष पालटावा लागत नाही, लोकांनी तो आधीच शिवून ठेवलाय.

आता तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश. या एका प्रवेशात ऑथेल्लो सुखी नवरा म्हणून येतो आणि खुनाची शपथ घेऊन बाहेर पडतो. मधल्या काळात घडतं काय? फारसं काहीच नाही. एक शब्द तीन माणसांवरून फिरतो.

इयागो सहज विचारतो, तुमचं प्रेम जमत होतं तेव्हा कॅसिओला ते ठाऊक होतं का? ऑथेल्लो म्हणतो, होतं की, तोच तर आमच्यात निरोप नेई-आणी. इयागोच्या तोंडून नुसता आश्चर्याचा हुंकार. आणि ‘ऑनेस्ट’ हा शब्द इथे ऑथेल्लो स्वतः काढतो: का, तो ऑनेस्ट नाही का? इयागो तोच शब्द प्रश्नार्थक करून परत टाकतो. ऑथेल्लो पुन्हा तोच. तीन ओळींत चारदा. इयागोनं आरोप केलेला नाही, त्यानं फक्त शब्दाचा सूर बदललाय. शिवाय संदर्भही बघा. दोन प्रेमिकांमध्ये निरोप नेणाऱ्या पुरुषाच्या बाबतीत ‘ऑनेस्ट’ म्हणजे काय? खरं बोलणारा, की बाईवर नजर न ठेवणारा? पुरुषाच्या ‘ऑनेस्ट’ला इथे बायकी अर्थाचा पहिला डाग पडतो आणि तो पाडतो नवराच, नकळत.

मग ऑथेल्लो एक विलक्षण तर्क लढवतो. तू ऑनेस्ट आहेस, शब्द तोलून बोलतोस, म्हणूनच तुझं मध्येच थांबणं मला भिववतं. दुसरा कोणी लबाड असा अडखळला असता तर मी ती युक्ती समजलो असतो. या विशेषणाची मुख्य खूण काय होती? मोकळं बोलणं. ऑथेल्लोनं तिचा पुरावा शोधला इयागोच्या न बोलण्यात. एकदा विशेषण पक्कं बसलं की माणूस काहीही करो, ते त्याला शोभूनच दिसतं. बोलला तर स्पष्टवक्ता, गप्प बसला तर जबाबदार.

थोडं पुढे गेलं की ऑथेल्लो म्हणतो, डेस्डिमोना ऑनेस्ट आहे याशिवाय मला दुसरं वाटत नाही. शब्द आता तिच्यावर आला. कोणी नेला? पुन्हा इयागोनं नव्हे. तिथे इयागो काय करतो, तर तिला दीर्घायुष्य चिंततो आणि तुम्हाला तसं वाटण्यालाही. ‘वाटण्याला’ चिंतलेल्या या दीर्घायुष्यात अख्खा संशय मावलाय. शेक्सपिअरचे खलनायक पुष्कळ आहेत, पण व्याकरणाच्या इतक्या बारीक फटीतून आत शिरणारा दुसरा नाही.

ऑथेल्लो एकदा चवताळतो, इयागोचा गळा धरतो, पुरावा मागतो. इयागो दुखावल्याचं नाटक करतो: सरळ आणि ऑनेस्ट असणं या जगात धोक्याचं, यापुढे शहाणपण शिकेन. ऑथेल्लो लगेच नरमतो. थांब, तू ऑनेस्ट असायलाच हवंस. आणि मग तो अशी दोन वाक्यं बोलतो की नाटकाचा कणा त्यांत उघडा पडतो. बायको ऑनेस्ट आहे असंही मला वाटतं आणि नाही असंही; तू ‘जस्ट’ आहेस असं वाटतं आणि नाहीस असंही. इथे हा पर्यायी शब्द का? इतका वेळ इयागोला ‘ऑनेस्ट’च म्हणत होता ना? कारण दोन्ही वाक्यांत एकच शब्द ठेवला असता तर ऑथेल्लोलाच ऐकू आलं असतं की हे विशेषण एका वेळी दोघांना पुरणार नाही. ती ऑनेस्ट असेल तर हा नाही, हा असेल तर ती नाही. मन ते गणित मांडायला घाबरतं आणि जीभ पर्यायी शब्द उचलते. समानार्थी शब्द एरवी लेखक कंटाळा टाळण्यासाठी वापरतात, इथे तो आंधळेपणा टिकवण्यासाठी वापरला गेलाय.

यानंतर इयागो म्हणतो की अजून आपण काही पाहिलेलं नाही, ती ऑनेस्ट असूही शकेल. बरं, तुमच्या बायकोकडे स्ट्रॉबेरीचं भरतकाम केलेला एक रुमाल होता ना? ‘असू शकेल’ आणि रुमाल यांच्यात एक श्वासही नाही. रुमाल इतक्या उशिरा येतो. काम तोवर झालेलं असतं.

हे नाटक मराठीत यायला फार वाट पाहावी लागली नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं भाषांतर १८६७ सालचं, गो. ब. देवलांनी १८९०मध्ये ‘झुंझारराव’ करून त्याला मराठी अंगरखा चढवला. पुढे शिरवाडकरांनीही ते मराठीत आणलं. यातल्या प्रत्येकापुढे हा शब्द धोंड होऊन उभा राहिला असणार. इयागोला ‘प्रामाणिक’ म्हटलं तर डेस्डिमोनाला म्हणता येत नाही, तिला ‘पतिव्रता’ किंवा ‘एकनिष्ठ’ म्हटलं तर ते इयागोला लागू होत नाही, आणि दोघांना दोन शब्द दिले की ऑथेल्लोचा गोंधळच नाहीसा होतो. ‘नेक’ दोघांना चालेल, पण त्याला उर्दूचं अत्तर लागलेलं आहे. मला विचाराल तर जवळचा शब्द ‘सरळ’. ‘सरळ माणूस आहे’ ही पुरुषाची तारीफ, आणि ‘ती बाई सरळ नाही’ हे वाक्य आपल्याकडे चावडीपासून सोसायटीच्या जिन्यापर्यंत कोणत्या अर्थानं बोललं जातं ते सांगायला नको. ‘प्रामाणिक’मध्ये मात्र एक गंमत आहे जी इंग्रजीला साधलेली नाही: त्याच्या पोटात ‘प्रमाण’ बसलंय. ऑथेल्लो बायकोच्या बाबतीत डोळ्यांना दिसेल असं प्रमाण मागतो. इयागोच्या प्रामाणिकपणाचं प्रमाण मात्र त्याला कधीच मागावंसं वाटत नाही.

चौथ्या अंकात हा शब्द बायकांच्या तोंडी येतो आणि त्याचं वजन बदलतं. ऑथेल्लो एमिलियाची, म्हणजे इयागोच्या बायकोची, उलटतपासणी घेतो. ती शपथेवर सांगते की डेस्डिमोना ऑनेस्ट, ‘चेस्ट’ आणि ‘ट्रू’ नसेल तर जगातला एकही नवरा सुखी नाही. तीन विशेषणं एकामागून एक. एमिलियाला अंदाज आहे की नुसत्या ‘ऑनेस्ट’वर आता भरवसा ठेवता येत नाही, त्याला दोन्ही बाजूंनी खिळे मारले पाहिजेत. ‘चेस्ट’ शरीरापुरतं, ‘ट्रू’ मनापुरतं. ऑथेल्लो ऐकतच नाही. डेस्डिमोना समोर येते तेव्हा तो तिला ऑनेस्ट असल्याची शपथ घ्यायला लावतो आणि ती घेताच तिला खोटी ठरवतो. ती बिचारी विचारते, तुम्ही मला ऑनेस्ट मानता ना? त्याचं उत्तर खाटिकखान्यातल्या माश्यांचं आहे. नाटकातल्या सगळ्यात घाण प्रतिमेला हा शब्द इथे चिकटतो.

बियांकाकडे समीक्षक फार वेळ थांबत नाहीत. १६२३च्या फोलिओच्या पात्रयादीत तिची ओळख एका शब्दात उरकली आहे, गणिका. कॅसिओवर तिचा खरा जीव आहे. पाचव्या अंकात तो जखमी होऊन पडतो तेव्हा ती धावत येते आणि एमिलिया तिला वेश्या म्हणून हिणवते. बियांका फटकन उत्तर देते की मी तुझ्याइतकीच ऑनेस्ट जगते. एमिलिया शिसारीनं झिडकारते. नाटकात एमिलियाच्या वाट्याला हा शब्द येतो तो एवढाच, तोही आडवळणानं, एका गणिकेच्या तोंडून आणि शीलाच्या अर्थानं.

यावर थांबावंसं वाटतं. रुमाल एमिलियानंच उचलून नवऱ्याला दिला होता. डेस्डिमोनानं तो कुठे गेला असेल असं विचारलं तेव्हा ती ठाऊक नाही म्हणाली. म्हणजे तीही या शब्दाच्या हिशेबात कोरी नाही. पण शेवटच्या प्रवेशात, डेस्डिमोनाचं प्रेत पलंगावर असताना, ऑथेल्लो तिला सांगतो की हे सगळं तुझ्या ‘ऑनेस्ट’ नवऱ्यानं उघडकीला आणलं. ती पुन्हा पुन्हा एकच विचारते, माझ्या नवऱ्यानं? ऑथेल्लो वैतागून ‘ऑनेस्ट’ हे विशेषण इयागोच्या नावामागे लागोपाठ दोनदा लावतो. दोनदा लावल्यानं ते दुप्पट पक्कं होण्याऐवजी तडकतं. एमिलियाला त्या क्षणी रुमाल, नवरा, स्वतःचं गप्प बसणं सगळं एका रेषेत दिसतं. इयागो तिला तोंड आवर, घरी जा म्हणतो. ती जात नाही. देव, माणसं, सैतान सगळे मिळून ओरडले तरी बोलणार म्हणते आणि बोलते. इयागो तिला भोसकतो.

याच दरम्यान ऑथेल्लोच्या हातातली तलवार हिसकावली जाते आणि तो स्वतःशी म्हणतो की ‘ऑनेस्टी’ गेल्यावर ‘ऑनर’नं तरी का उरावं, सगळंच जाऊ दे. दोन भावंडं पहिल्यांदा शेजारी उभी राहतात ती अशी, एकाच्या प्रेतापाशी दुसरा. कोणाची ऑनेस्टी गेली म्हणतोय तो? बायकोची, इयागोची, की त्याची स्वतःची? मला वाटतं त्यालाही नेमकं माहीत नाही, आणि ते तसंच ठेवण्यात शेक्सपिअरचं मोठेपण आहे. या ओळीनंतर हा शब्द नाटकात पुन्हा येत नाही. ऑथेल्लो पुढे स्वतःला खुनीच म्हणवून घेतो, पण ‘ऑनरेबल’ खुनी. अजून त्याला विशेषण हवंच असतं.

ज्या जागी ‘ऑनेस्ट’ संपतो तिथेच एमिलिया मरताना ऑथेल्लोला सांगते की डेस्डिमोना ‘चेस्ट’ होती. पूर्वीच्या तीन विशेषणांतलं मधलं तेवढं तिनं उचललं. ५२ वेळा वापरून झिजलेला, दोन माणसांत वाटला गेलेला तो शब्द टाकून तिनं असा शब्द घेतला ज्याला दुसरा अर्थच नाही. मग ती म्हणते की मी मनात आहे तसं बोलले आणि तशीच मरते आहे. पुरुषांसाठी राखून ठेवलेल्या ‘ऑनेस्ट’ची व्याख्या याहून वेगळी काय होती? ती पुरी केली या बाईनं, आणि त्या अर्थानं तिला ऑनेस्ट म्हणायला रंगमंचावर एकही जण पुढे येत नाही.

इयागोला पकडून आणल्यावर ऑथेल्लो विचारतो की यानं माझ्या जिवाशी असा खेळ का केला. इयागो सांगतो की या क्षणापासून मी एक शब्दही बोलणार नाही, आणि बोलत नाही. यातनांनी तोंड उघडेल, असं व्हेनिसहून आलेल्यांपैकी ग्रॅशिआनो म्हणतो. त्या यातना कोणत्या, कुठे आणि केव्हा, हे ठरवण्याचं काम व्हेनिसचा दूत लोडोव्हिको सायप्रसच्या नव्या सुभेदाराकडे सोपवतो. तो सुभेदार कॅसिओ.